आवाज महिनाभर बसलेलाच? स्वरयंत्रावरची बुरशी ओळखायची कशी आणि बरी करायची कशी

स्वरतंतूंवर बुरशी बसणं हा रोज दिसणारा आजार नाही. पण ज्यांना तो होतो, त्यांचे कितीतरी आठवडे भलत्याच औषधांवर जातात. आधी अँटिबायोटिक, मग ॲसिडिटीची गोळी, आणि तरीही घसा मोकळा होत नाही म्हणून स्टेरॉइड. यातलं पहिलं आणि शेवटचं औषध बुरशीच्या पथ्यावरच पडतं. अँटिबायोटिकने तिच्याशी जागेसाठी झगडणारे जिवाणू मरतात आणि स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते. म्हणून आमचा आग्रह असा: आधी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्या, मग औषध ठरू द्या, आणि ठरलेलं औषध मुदत भरेपर्यंत घ्या.

कोणाला होण्याची शक्यता जास्त

बहुतेक वेळा ही बुरशी म्हणजे कँडिडा, त्यातही कँडिडा अल्बिकन्स. निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही ती थोड्या प्रमाणात असतेच. कुठेतरी तोल बिघडला की ती वाढते आणि अस्तराच्या आत शिरते.

स्वरयंत्राच्या बाबतीत हा तोल बिघडवणारं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) पंप. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही पंपातली स्टेरॉइडं फुप्फुसासाठी असतात. पण श्वासाबरोबर जाताना त्यांचा बराच भाग घशात आणि स्वरतंतूंवर बसतो. मुंबईची धूळ, बांधकामं आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती यामुळे इथे अनेकांना वर्षानुवर्षं पंप लागतो. म्हणून आवाज बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न पंपाबद्दलच विचारावा. अनेक जण पंपाला औषध मानत नाहीत. 'सध्या काही औषध चालू आहे का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणतात. 'पंप घेता का, रोटाकॅप (पावडर श्वासातून ओढायची कॅप्सूल) घेता का?' असंच स्पष्ट विचारायला हवं.

ताब्यात नसलेला मधुमेह, दीर्घकाळ पोटातून घेतलेलं प्रेडनिसोलोन, एचआयव्ही, केमोथेरपी, मानेवर दिलेली रेडिएशन, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं ही पुढची कारणं. तंबाखू आणि घशापर्यंत येणारं आम्लपित्त यांनी अस्तर आधीच दुखावलेलं असतं. पण यातलं एकही कारण नसलेल्या, वरकरणी ठणठणीत माणसाच्या स्वरतंतूंवरही बुरशी सापडलेली आहे. कारण सापडलं नाही एवढ्यावरून ही शक्यता सोडून देऊ नये.

लक्षणं

आवाज घोगरा होतो, वरचे सूर लागत नाहीत, बोलता बोलता आवाज फाटतो किंवा विरतो. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावंसं वाटतं. काहींना गिळताना दुखतं. ताप सहसा नसतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक, कॉल सेंटरवर बोलणारे, बाजारात ओरडून माल विकणारे लोक याला 'आवाजावर ताण आला' समजून बराच काळ ढकलतात. पण निव्वळ ताणाने बसलेला आवाज दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने थोडा तरी सुधारतो, बुरशीचा तसा सुधारत नाही.

आरशात तोंड उघडून पाहिलं, जीभ स्वच्छ आहे, म्हणजे बुरशी नाही, हा समज चुकीचा आहे. तोंडात एकही डाग नसताना बुरशी फक्त स्वरयंत्रावर असू शकते.

गिळताना छातीच्या हाडामागे दुखत असेल तर अन्ननलिकेतही बुरशी असण्याची शक्यता असते. अशा वेळी एचआयव्ही तपासणी टाळू नये. सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ती मोफत होते आणि निकाल गोपनीय राहतो.

श्वास आत घेताना घर्रर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, धाप लागत असेल, स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर ओपीडीची वाट पाहू नका. थेट कॅज्युअल्टी गाठा किंवा १०८ ला फोन करा.

दुर्बिणीची तपासणी

आवाज तीन-चार आठवडे बसलेला असेल तर स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे. तंबाखू, मिश्री, मावा, विडी, सिगारेट यांपैकी काही चालू असेल, मानेत गाठ असेल, थुंकीत रक्त असेल, वजन घटत असेल किंवा कानात कळ जात असेल तर तेवढंही थांबू नये. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत आणि सरकारी जे. जे. रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत ही तपासणी होते. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावं. सोबत चालू औषधांच्या स्ट्रिप्स आणि पंप प्रत्यक्ष न्यावा. नावं लिहून नेण्यापेक्षा हे बरं, कारण पंपाचा प्रकार आणि डोस डॉक्टरांना तिथेच दिसतो.

तपासणी दोन प्रकारे होते. एकीत ७० अंशांची ताठ दुर्बीण तोंडातून घालतात आणि जीभ पुढे ओढून 'ई' म्हणायला लावतात. दुसरीत बारीक, वाकणारी दुर्बीण नाकातून जाते. उमासे फार येणाऱ्यांसाठी दुसरी बरी. घसा बधिर करायला लिग्नोकेनचा फवारा मारतात, त्यानंतर सुमारे तासभर काही खाऊ-पिऊ नये, कारण बधिर घशातून घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. सोय असेल तर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशातली तपासणी) करून घ्यावी. तिच्यात स्वरतंतूंच्या वरच्या थराची लाट दिसते आणि बुरशी बसलेल्या जागी ती लाट अडते.

बुरशी असेल तर दह्याच्या कवडीसारखे पांढरट किंवा करडे चट्टे दिसतात, बहुधा दोन्ही स्वरतंतूंवर, आणि आजूबाजूचं अस्तर लाल, सुजलेलं असतं. काही वेळा चट्टा दिसतच नाही, नुसती लाली आणि खरखरीतपणा असतो. पंप घेणाऱ्या माणसात हे दृश्य पाहून नुसतं 'रिफ्लक्स' (घशापर्यंत येणारं आम्लपित्त) लिहिलं जातं. तिथेच वाट चुकते.

पांढरा चट्टा म्हणजे नक्की काय?

हा या आजारातला सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून इथे घाई नको.

स्वरतंतूवरचा पांढरा चट्टा बुरशीचा असू शकतो, ल्युकोप्लेकियाचा (पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा जाड अस्तराचा) असू शकतो, सुरुवातीच्या कॅन्सरचा असू शकतो, आणि मुंबईत टीबीचाही असू शकतो. लाल, सुजलेल्या अस्तरावर दोन्हीकडे पसरलेले चट्टे बुरशीकडे बोट दाखवतात. एकाच बाजूचा, कडा स्पष्ट असलेला, जाड किंवा व्रण पडलेला चट्टा जास्त काळजीचा. पण नुसत्या नजरेवर शंभर टक्के भरवसा ठेवता येत नाही.

व्यवहारात दोन रस्ते आहेत. रुग्ण पंप घेतो, तंबाखू नाही, स्वरतंतू नीट हलतायत, चट्टे बुरशीसारखेच दिसतायत, तर बायोप्सीआधी (तपासायला तुकडा काढण्याआधी) बुरशीचं औषध सुरू करून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालणं योग्य. फेरतपासणीची तारीख औषध देतानाच केसपेपरवर लिहून घ्यावी. तंबाखूची सवय आहे, चट्टा एका बाजूला आहे, स्वरतंतू हलत नाही किंवा व्रण आहे, तर आधी तुकडा काढावा. पहिल्या रस्त्यावर औषध घेऊनही चट्टा तसाच राहिला, तर औषध वाढवत बसण्याऐवजी बायोप्सी करावी.

बायोप्सी भूल देऊन, मायक्रोलॅरिंगोस्कोपीने (तोंडातून नळी घालून सूक्ष्मदर्शकाखाली स्वरयंत्र पाहत) होते. तिथली एक चूक पुढचं सगळं बिघडवते: काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात) टाकणं. फॉर्मॅलिनमध्ये बुरशीही मरते आणि टीबीचा जंतूही, मग कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) होऊच शकत नाही. तुकड्याचे दोन भाग करावेत. एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीकडे, आणि तोही त्याच दिवशी. नातेवाईकांच्या हातात बाटल्या दिल्या जातात तेव्हा कोणत्या बाटलीत काय आहे हे विचारून घ्यावं.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर 'बुरशीची शंका, पीएएस आणि जीएमएस स्टेन करावा' असं लिहिलेलं असावं. हे बुरशी उठून दिसावी म्हणून वापरायचे खास रंग आहेत. नेहमीच्या स्टेनमध्ये बुरशीचे धागे सहज निसटतात. शिवाय बुरशीमुळे वरचं अस्तर इतकं वेडंवाकडं वाढतं की सूक्ष्मदर्शकाखाली ते स्क्वेमस कॅन्सरसारखं दिसू शकतं. बुरशीची शंका पॅथॉलॉजिस्टला कळवलेली नसेल तर कॅन्सरचा चुकीचा रिपोर्ट येऊ शकतो. उलटही घडतं: कॅन्सरच्या व्रणावर बुरशी वाढलेली असते आणि रिपोर्टमध्ये फक्त बुरशी येते. म्हणून बुरशीचा रिपोर्ट हातात असला तरी उपचारानंतर जागा स्वच्छ झाली की नाही हे पाहावंच लागतं.

मायक्रोबायोलॉजीत १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून काच पाहतात, त्यात कळ्या फुटलेल्या यीस्ट पेशी आणि धागे दिसतात. हा निकाल त्याच दिवशी मिळू शकतो. साबुरो या बुरशी वाढवायच्या माध्यमावर कँडिडा साधारण एक ते तीन दिवसांत वाढते. घशाच्या नुसत्या स्वॅबमध्ये कँडिडा आली तर तिला फार किंमत देऊ नये, ती तिथे एरवीही असते. महत्त्व आहे ते तुकड्यात, अस्तराच्या आत शिरलेल्या धाग्यांना.

याबरोबर उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, यकृत आणि किडनीच्या तपासण्या कराव्यात. टीबीची शंका असेल तर थुंकी आणि तुकडा दोन्ही सीबीनॅट या टीबीच्या जलद तपासणीला पाठवावेत.

औषध

कँडिडासाठी पहिलं औषध फ्लुकोनॅझोल, पोटातून. मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी २०० ते ४०० मिलिग्रॅम आणि मग रोज एकदा १०० ते २०० मिलिग्रॅम, निदान दोन ते तीन आठवडे. पुष्कळदा तीन-चार आठवडेही लागतात. किडनीचं काम निम्म्यावर आलं असेल तर रोजचा डोस निम्मा होतो. हे औषध शरीरात बराच काळ टिकतं, म्हणून दिवसातून एकदाच पुरतं, जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. हे आकडे इथे दिलेत ते दिलेला कोर्स फारच कमी आहे का, हे तुम्हाला कळावं म्हणून.

कारण केमिस्टकडे सहज मिळते ती १५० मिलिग्रॅमची एक गोळी. एकच गोळी घेऊन मोकळं होण्याचा तो डोस योनीमार्गाच्या साध्या संसर्गासाठी आहे. स्वरतंतूंसाठी तो अपुरा आहे. आठवड्यातून एक गोळी हा त्वचेच्या नायट्याचा हिशेबही इथे लागू नाही.

निस्टॅटिनच्या किंवा क्लोट्रिमॅझोलच्या थेंबांवर, चोखायच्या गोळ्यांवर विसंबू नये. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र आपोआप झाकलं जातं, औषध बाजूने अन्ननलिकेत उतरतं. तोंडातली बुरशी त्याने जाते, स्वरतंतूंपर्यंत ते पोचतच नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचंही तेच. साधी वाफ घशाला आराम देते, बुरशी मारत नाही.

फ्लुकोनॅझोल इतर औषधांशी भिडतं, आणि इथे खरी सावधगिरी हवी. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर वाढून शुगर एकदम खाली येऊ शकते. पहिल्या आठवड्यात शुगर जास्त वेळा मोजावी, खिशात साखर ठेवावी. वॉरफेरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्त पातळ होतं, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची तपासणी) लवकर तपासावा. कोलेस्टेरॉलच्या अटॉरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिनबरोबर स्नायू दुखू लागले तर लगेच कळवावं. बरेच डॉक्टर उपचाराच्या काळापुरती ती गोळी थांबवतात. फिट्सच्या फेनिटॉइनची पातळीही वाढते.

आणखी एक जोडी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. ॲसिडिटीसाठी इथे सर्रास दिली जाणारी कॅप्सूल म्हणजे पँटोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र. डॉमपेरिडोन आणि फ्लुकोनॅझोल बरोबर घेतले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. पित्ताची गोळी लागणारच असेल तर डॉमपेरिडोन नसलेली मागून घ्यावी. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांच्याबाबतही हीच काळजी. गाणारे लोक ज्येष्ठमध चघळतात. जास्त प्रमाणात आणि बरेच दिवस घेतल्यास ज्येष्ठमधाने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि ठोक्यांचा हाच धोका वाढतो. उपचाराच्या काळात ते बंद ठेवणं शहाणपणाचं.

गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर फ्लुकोनॅझोल सुरू होण्याआधी सांगा. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, भूक मरणं यापैकी काही जाणवलं तर गोळी थांबवून यकृताची तपासणी करावी.

सुधारणा साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कानाला जाणवते. इथेच गोळ्या सुटतात. आवाज आला म्हणजे बुरशी गेली असं होत नाही. खोलवरचे धागे शिल्लक असतात आणि त्यातून आजार परततो. गोळी बंद करायचा निर्णय दुर्बिणीने स्वच्छ अस्तर दिसल्यावरच.

नियमित घेऊनही फरक नसेल तर कल्चरमध्ये जात कोणती ते पाहावं. कँडिडा क्रुसेई फ्लुकोनॅझोलला मुळातच दाद देत नाही, कँडिडा ग्लाब्राटाला जास्त डोस किंवा दुसरं औषध लागतं. श्वासमार्ग धोक्यात असेल किंवा गिळताच येत नसेल तर दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागतं. लायपोसोमल अँफोटेरिसिन दिलं तर किडनी आणि पोटॅशियम यांवर लक्ष ठेवावं लागतं.

पंप बंद करू नका, पद्धत बदला

बुरशी पंपामुळे झाली हे कळल्यावर अनेक जण तो स्वतःहून सोडतात. हे धोक्याचं आहे. बुरशीने आवाज जातो, दम्याच्या झटक्याने जीव जाऊ शकतो. छातीच्या डॉक्टरांशी बोलून डोस किती कमी करता येईल, कोरड्या पावडरऐवजी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा पोकळ डबा) चालेल का, किंवा फुप्फुसात पोचल्यावरच कामाला लागणारं सिक्लेसोनाइड चालेल का, हे ठरवावं. स्पेसर रोटाहेलरला (रोटाकॅपची पावडर ओढायच्या साधनाला) लागत नाही, तो फक्त फवाऱ्याच्या पंपासाठी.

स्पेसर लावून एका वेळी एकच फवारा. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, फवारा मारून तीन ते पाच सेकंद सावकाश श्वास आत ओढा, दहा सेकंद रोखा. दुसरा फवारा अर्ध्या ते एक मिनिटाने. लगेच पाण्याने चूळ भरा, मान मागे टाकून गुळणी करा, थुंका, पुन्हा एकदा करा, मग दोन घोट पाणी प्या. सकाळी आणि रात्री दात घासण्याच्या आधीच पंप घेतला तर हे विसरलं जात नाही. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हवेत वाळू द्यावा. आतून फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

रोटाकॅप वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात बाटली घट्ट बंद ठेवावी, न्हाणीघरात ठेवू नये. ओल लागली की पावडरचे गोळे होतात, जड गोळे फुप्फुसात न जाता घशातच बसतात. रोटाहेलर धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये.

कँडिडा नसेल तर

हिस्टोप्लाझ्मा, क्रिप्टोकोकस, ॲस्परजिलस याही बुरशी क्वचित स्वरयंत्रावर सापडतात. भारतात हिस्टोप्लाझ्मा जास्त करून गंगेच्या खोऱ्यात, बंगालकडे आढळतो, म्हणून रुग्ण मूळचा कुठला, कुठे राहून आला हे विचारावं. ब्लास्टोमायकोसिस मुख्यतः उत्तर अमेरिकेतला आजार आहे.

हिस्टोप्लाझ्माच्या तुकड्यात टीबीसारखेच ग्रॅन्युलोमा (दाहातून बनलेले पेशींचे पुंजके) दिसतात. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते, आणि आवाज काही सुधारत नाही. अशा तुकड्यावर टीबीसाठीचा झेडएन आणि बुरशीसाठीचा जीएमएस दोन्ही स्टेन व्हायलाच हवेत. कल्चरला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर प्लेट टाकून देऊ नये असं प्रयोगशाळेला कळवावं. स्वरयंत्रावरचा हिस्टोप्लाझ्मा बहुधा अंगभर पसरलेल्या आजाराचा भाग असतो, त्यामुळे पोटाची सोनोग्राफी, किडनीवरच्या ॲड्रीनल ग्रंथी आणि रक्त तपासावं लागतं. उपचार आठवड्यांचा नसून महिन्यांचा: गंभीर असेल तर आधी अँफोटेरिसिन, मग इट्राकोनॅझोल, पसरलेल्या आजारात निदान १२ महिने.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. तिला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे पँटोप्राझोलसारख्या गोळीबरोबर ती नीट शोषली जात नाही. हृदय कमजोर असलेल्यांनी ती टाळावी. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनच्या पंपाबरोबर ती घेतली तर स्टेरॉइड रक्तात साठत जातं, चेहरा सुजतो, शुगर चढते. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना इट्राकोनॅझोलची पातळी इतकी घसरते की औषध घेऊन न घेतल्यासारखं होतं. दोन्ही आजार एकत्र असतील तर छातीचे आणि संसर्गरोगाचे डॉक्टर यांनी मिळूनच आराखडा करावा.

उपचार चालू असताना आणि नंतर

बोलणं पूर्ण बंद करण्याची गरज नाही, पण ओरडणं आणि कुजबुजणं दोन्ही टाळावं. जोर लावून कुजबुजताना स्वरतंतूंवर ताण येतो. पाणी थोडं थोडं पीत राहावं. तंबाखू या काळात पूर्ण बंद. गायकांनी दुर्बिणीने अस्तर स्वच्छ दिसेपर्यंत रियाज लांबवावा. कार्यक्रम जवळ आला म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये. सूज उतरून दोन दिवस आवाज सुटल्यासारखा वाटतो, बुरशी मात्र त्याच दिवसांत वाढते.

महिनाभर दाबून बोलायची सवय लागलेली असते, ती बुरशी गेल्यावरही राहते. अस्तर स्वच्छ आणि आवाज तरीही खरखरीत, असं असेल तर स्पीच थेरपिस्टकडे जावं. मोठ्या रुग्णालयांतल्या कान-नाक-घसा विभागात ही सोय असते, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही वाचा-उपचार होतात.

बरं झाल्यावर साधारण महिन्याने एकदा दुर्बीण घालून घ्यावी. आजार परतला तर जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी आणू नये. आधी पंप कसा घेतला जातो हे समोर करून दाखवायला सांगावं, तीन महिन्यांची शुगर पुन्हा करावी, आधी झाली नसेल तर एचआयव्ही तपासावं, आणि या वेळी तुकडा घेऊन कोणत्या औषधाला बुरशी दाद देते याचा रिपोर्ट हाती आल्यावरच पुढचा कोर्स लिहावा.